पहिल्या केमोच्या आधी कुणी विचारलं होतं?

प्रश्न असा आला आहे: "मी स्त्रीरोगशास्त्रातलं पदव्युत्तर शिक्षण संपवत आहे. कर्करोग आणि प्रजनन-आरोग्य जिथे एकत्र येतात, तिथल्या उपचारांची गुणवत्ता सुधारण्यावर संशोधन करावंसं वाटतं. पण वरिष्ठ म्हणतात, हे संशोधन नव्हे, कारकुनी आहे. फाइली चाळायच्या आणि तक्ते भरायचे. ह्या कामात प्रत्यक्षात काय असतं?"

फाइली चाळाव्या लागतात हे खरं आहे. मी ह्या कामाकडे वळले तीही एका फाइलमुळेच, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

बाईचं वय एकतीस. स्तनाचा कर्करोग. केमोथेरपी वेळेवर सुरू झाली, शस्त्रक्रिया नीट झाली, रेडिएशन पूर्ण झालं, नंतरच्या सगळ्या तपासण्या चांगल्या आल्या. कर्करोगाच्या बाजूने पाहिलं तर त्या फाइलमध्ये बोट ठेवायला जागा नव्हती. तीन वर्षांनी ती माझ्या ओपीडीत आली, कारण केमोत थांबलेली पाळी परत आलीच नव्हती. रक्ततपासणी आणि सोनोग्राफी पाहून मी तिला सांगितलं की अंडाशयातला बीजांचा साठा संपत आला आहे. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "असं होऊ शकतं हे तेव्हा कुणाला माहीत होतं का?"

माहीत होतं. तिला दिलेल्या औषधांत सायक्लोफॉस्फामाइड होतं, आणि त्या गटातली औषधं अंडाशयातली बीजं नष्ट करतात हे आपण सगळे परीक्षेसाठी पाठ करतो. त्या रात्री मी तिची फाइल पहिल्या पानापासून वाचली. बायोप्सीचा रिपोर्ट आणि पहिली केमो ह्यांच्यामध्ये तेवीस दिवस होते. त्या दिवसांत ती सात वेळा रुग्णालयात आली होती. कर्करोगतज्ज्ञ, सर्जन, स्कॅन, हृदयाची तपासणी, समुपदेशन, सगळं झालं होतं. स्त्रीबीजं गोठवायला साधारण दोन आठवडे लागतात. म्हणजे वेळ होता, ज्ञान होतं, आणि त्याच इमारतीत दोन मजले खाली मी बसत होते. हा विषय दुसऱ्या कुणीतरी काढला असेल, असं प्रत्येकाने धरून चाललं होतं.

तुम्ही ज्या संशोधनाबद्दल विचारता आहात ते ह्या तेवीस दिवसांवरचं संशोधन आहे.

त्यात नवं औषध शोधायचं नसतं. गोठवलेल्या वीर्यातून पहिली गर्भधारणा १९५३ साली झाली. गोठवलेल्या स्त्रीबीजातून पहिला जन्म १९८६ साली ऑस्ट्रेलियात झाला. केमोआधी काढून गोठवलेला अंडाशयाचा तुकडा परत बसवून मूल झाल्याची पहिली नोंद बेल्जियममधली, २००४ सालची. अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००६ साली लेखी मार्गदर्शक सूचना काढली: प्रजननक्षम वयातल्या रुग्णाशी ह्या धोक्याबद्दल उपचारांआधी, शक्य तितक्या लवकर बोला. त्याच सुमारास टेरेसा वुडरफ ह्या अमेरिकन संशोधिकेने ह्या सगळ्या क्षेत्राला 'आँकोफर्टिलिटी' असं नाव दिलं. २०१२ साली तिथल्या प्रजननतज्ज्ञांच्या संघटनेने स्त्रीबीज गोठवण्यावरचा 'प्रायोगिक' हा शिक्काही काढून टाकला.

आता ह्याच्या शेजारी दुसरं चित्र ठेवा. कॅलिफोर्नियात १८ ते ४० वयात कर्करोग झालेल्या स्त्रियांचं एक मोठं सर्वेक्षण २०१२ साली प्रसिद्ध झालं. त्यातल्या ९१८ जणींना अंडाशयाला इजा पोहोचवू शकणारे उपचार मिळाले होते. कर्करोगतज्ज्ञांच्या चमूने धोक्याबद्दल आपल्याशी बोलणं केलं होतं, असं ६१ टक्के जणींनी सांगितलं. प्रजननक्षमता जपण्यासाठी प्रत्यक्ष काही केलं ते ४ टक्के जणींनी. मला त्या अभ्यासातली तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची वाटते: ज्यांना कर्करोगतज्ज्ञाबरोबर प्रजननतज्ज्ञही भेटला होता, त्यांच्या मनात नंतर पश्चात्ताप कमी होता, आणि तो भेटणाऱ्या स्त्रिया फारच थोड्या होत्या. निर्णय कोणताही असो, तो आपण घेतला, हे मनात राहणं हेही उपचाराचंच फळ आहे. ते मोजता येतं, आणि मोजायलाच हवं.

मोजायचं म्हणजे काय, इथे खरं शास्त्र सुरू होतं. आरोग्यसेवेच्या गुणवत्तेचे अभ्यासक अव्हेदिस डोनाबेदियन ह्यांनी १९६६ साली एक साधी विभागणी मांडली, ती आजही माझ्या टेबलासमोर चिकटवलेली आहे: रचना, प्रक्रिया, परिणाम. रचना म्हणजे रुग्णालयात काय आहे, प्रक्रिया म्हणजे रुग्णासाठी काय केलं गेलं, परिणाम म्हणजे तिचं पुढे काय झालं. ऐकायला सोपं आहे. पण आपल्या क्षेत्रात परिणाम कळायला पाच-दहा वर्षं लागतात. केमो झालेल्या मुलीला मूल हवंसं वाटेल तेव्हा ती कदाचित दुसऱ्या शहरात असेल, दुसऱ्या डॉक्टरकडे जात असेल. म्हणून आपल्याला प्रक्रिया मोजावी लागते. आणि प्रक्रिया मोजताना आपण स्वतःची फसवणूक किती सहज करू शकतो, हे मी स्वतः केलेल्या चुकीतून शिकले.

त्या फाइलनंतर मी हट्टाने केमोच्या संमतिपत्रात एक चौकोन घालून घेतला: 'प्रजननक्षमतेवरील परिणामांची माहिती दिली.' काही महिन्यांतच जवळजवळ प्रत्येक फाइलमध्ये तिथे खूण दिसू लागली. मी बैठकीत तो आलेख दाखवला, सगळ्यांनी कौतुक केलं. नंतर एका हुशार नर्सच्या सांगण्यावरून आम्ही रुग्णांना फोन केले. बऱ्याच जणींना असं काही बोलणं झाल्याचं आठवतच नव्हतं. ज्यांना आठवत होतं त्यांनी सांगितलं की ते पहिल्या केमोच्या सकाळी झालं. हातात सलाईनची सुई लावलेली, शेजारी औषधाची पिशवी टांगलेली, आणि पुढ्यात सही करायचा कागद. त्या क्षणी दिलेली माहिती रुग्णाच्या काहीही उपयोगाची नसते. माझा आलेख खरा होता आणि काळजी तशीच वाईट होती.

ही फक्त माझी गोष्ट नाही. शस्त्रक्रियेच्या सुरक्षेसाठी जागतिक आरोग्य संघटनेने केलेली तपासयादी आठ रुग्णालयांत वापरून पाहिली, त्याचा अभ्यास २००९ साली आला: मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर उतरलं. पुढे कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात ती शंभराहून अधिक रुग्णालयांत सक्तीने लागू झाली आणि २०१४ सालच्या विश्लेषणात मृत्यूंमध्ये लक्षणीय फरक दिसला नाही. कागद तोच होता. पहिल्या ठिकाणी शस्त्रक्रियागृहातली माणसं ती यादी वाचताना थांबून एकमेकांशी बोलत होती. दुसऱ्या ठिकाणी कितीजण खरोखर थांबले, हे कागदावरच्या खुणेवरून कळत नाही. माझ्या मते गुणवत्ता-संशोधनातला निम्मा अभ्यास ह्या एका फरकाचा आहे.

मग आम्ही चौकोन काढून टाकला आणि त्या जागी तारीख लिहायला लावली. निदानाची तारीख, ह्या विषयावर पहिल्यांदा बोलणं झालं ती तारीख, पहिल्या केमोची तारीख. तीन तारखांमधली दोन अंतरं सगळं सांगून जातात. तारीख खोटी लिहिणंही अवघड असतं. खूण करायला कुणाला काहीच वाटत नाही.

आणखी एक निर्णय घ्यावा लागला, तो मला आजही महत्त्वाचा वाटतो. किती जणींनी बीजं गोठवली, हा आकडा आम्ही यशाचं माप मानला नाही. नीट माहिती मिळाल्यावर, विचार करून 'मला नको' म्हणणारी बाई हे चांगल्या काळजीचंच उदाहरण आहे. गोठवण्याचा आकडा वाढवण्याच्या मागे लागलात तर नकळत तिच्यावर दबाव येतो. आपण मोजायचं ते हे की तिला ठरवायला वेळेत संधी मिळाली का.

टक्केवारी काढताना छेदात कोण आहे, म्हणजे एकूण कुणाकुणाला धरलं आहे, हेही तितकंच बारकाईने पाहा. 'पात्र रुग्ण' कोण हे कर्करोगतज्ज्ञाने मनातल्या मनात आधीच ठरवलेलं असतं. दोन मुलं आहेत, आता काय विचारायचं. अविवाहित आहे, संकोच वाटेल. आजार पसरलेला आहे, आशा कशाला दाखवायची. वय एकोणचाळीस आहे. ह्यातलं प्रत्येक कारण दयाबुद्धीने दिलेलं असतं आणि प्रत्येक वेळी रुग्णाचा प्रश्न दुसराच कुणीतरी सोडवून टाकतो. पुरुषांच्या बाबतीत तर मला अधिक वाईट वाटतं. वयात आलेल्या मुलाचं किंवा पुरुषाचं वीर्य गोठवणं एका भेटीत होतं, कसलीही शस्त्रक्रिया लागत नाही, उपचार लांबत नाहीत, आणि तरी सोळा-सतरा वर्षांच्या मुलाशी हे कोण बोलणार ह्या अवघडलेपणात ती भेट राहून जाते. म्हणून सरासरीवर कधीच समाधान मानू नका. वय, लिंग, आधीची मुलं, आजाराची पायरी, उपचारांचा खर्च कोण उचलतं, असं फोडून पाहिलं की एका चांगल्या दिसणाऱ्या सरासरीच्या पोटात तीन-चार दुर्लक्षित गट सापडतात.

कर्करोगतज्ज्ञांना दोष देऊन हे काम होत नाही. त्यांची भीती खरी आहे: उपचार लांबले तर रुग्ण दगावेल. पूर्वी बीजं मिळवण्यासाठी पाळीची वाट पाहावी लागे, त्यात आठवडे जात. आता चक्राच्या कोणत्याही दिवशी इंजेक्शनं सुरू करता येतात, आणि हार्मोनला प्रतिसाद देणाऱ्या स्तनाच्या कर्करोगात इस्ट्रोजेन हे हार्मोन चढू नये म्हणून सोबत ते खाली ठेवणारं लेट्रोझोल देतात. हे त्यांना आकडे दाखवून, बैठकीला जाऊन, पुन्हापुन्हा सांगावं लागतं. काही वेळा त्यांचं बरोबरच असतं. तीव्र रक्ताच्या कर्करोगात दोन आठवडे नसतातच, आणि त्यात अंडाशयाचा तुकडा जपून परत बसवायचा म्हटलं तर त्यात कर्करोगाच्या पेशी असण्याचा धोका असतो. तिथे 'आत्ता शक्य नाही, उपचारांनंतर पुन्हा बोलू' असं प्रामाणिकपणे सांगणं आणि नंतर ते खरंच बोलणं, हीच गुणवत्ता. अंडाशयाचं काम तात्पुरतं थांबवणाऱ्या गोसेरेलिनच्या इंजेक्शनबद्दलही असाच नेमकेपणा ठेवा. २०१५ साली आलेल्या, हार्मोनला प्रतिसाद न देणाऱ्या स्तनाच्या कर्करोगावरच्या चाचणीत केमोबरोबर ते दिलेल्या गटात अंडाशय निकामी होण्याचं प्रमाण ८ टक्के होतं, न दिलेल्या गटात २२ टक्के. उपयोग आहे. पण ते बीजं गोठवण्याला पर्याय म्हणून दिलं जातं तेव्हा रुग्णाला अर्धीच गोष्ट सांगितलेली असते.

प्रजननाची काळजी म्हणजे फक्त मूल होण्याची सोय, असं मानण्याची चूक करू नका. केमो सुरू करण्याआधी गर्भचाचणी झाली का? स्तनाच्या कर्करोगात हार्मोनचा परिणाम अडवण्यासाठी देतात त्या टॅमॉक्सिफेनवर असलेल्या बाईला गर्भनिरोधनाबद्दल कुणी सांगितलं का? पाळी बंद आहे म्हणजे गर्भ राहणार नाही, असं अनेकींना वाटतं, आणि ते औषध गर्भाला अपायकारक आहे. स्तनाचा कर्करोग असताना हार्मोनच्या गर्भनिरोधक गोळ्या जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत चौथ्या वर्गात, म्हणजे वापरूच नयेत अशा यादीत आहेत. तांबी पहिल्या वर्गात आहे. एवढी एक ओळ सांगायला दोन मिनिटं लागतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात रेडिएशननंतर योनीमार्ग आखडतो, त्यासाठी तो रुंद ठेवणाऱ्या नळ्या, म्हणजे डायलेटर, वापरायचे असतात, ते कसे वापरायचे हे नीट शिकवलं जातं का? अकाली पाळी गेलेल्या तरुण बाईच्या ठिसूळ होत जाणाऱ्या हाडांकडे कोण पाहतं? हे प्रश्न एका विभागाचे नसतात म्हणून कुणाचेच राहत नाहीत.

परिणामांकडे पाहायचं सोडून चालत नाही, ह्याचं एक उदाहरण प्रत्येक स्त्रीरोगतज्ज्ञाने मनात कोरून ठेवावं. गर्भाशयमुखाच्या सुरुवातीच्या कर्करोगात गर्भाशय आजूबाजूच्या भागासह काढण्याची मोठी शस्त्रक्रिया दुर्बिणीतून किंवा रोबोटने करण्याची पद्धत मोठ्या तुलनात्मक चाचणीशिवाय पसरली. रक्तस्राव कमी, टाके लहान, रुग्ण लवकर घरी. आपण तेव्हा गुणवत्ता म्हणून जे मोजत होतो ते सगळं सुधारत होतं. मग २०१८ साली ६३१ स्त्रियांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले: साडेचार वर्षांनी आजाराशिवाय जगणाऱ्यांचं प्रमाण उघड्या शस्त्रक्रियेत ९६.५ टक्के, दुर्बिणीच्या गटात ८६ टक्के. ते वाचताना माझे हात थंड पडले होते. आम्ही वर्षानुवर्षं रुग्णालयात राहण्याचे दिवस मोजत होतो आणि ते कमी झाले म्हणून समाधानी होतो. दिवस मोजणं चुकीचं नव्हतं. त्यापुढे जाऊन कुणी विचारलं नव्हतं.

त्याच आजारात पुढे उलट दिशेचा प्रश्नही कुणीतरी विचारला, ह्याचं मला फार समाधान वाटतं. कमी धोक्याच्या, लहान गाठीच्या स्त्रियांना एवढी मोठी शस्त्रक्रिया लागते तरी का? ७०० स्त्रियांवरची चाचणी २०२४ साली प्रसिद्ध झाली. तीन वर्षांत ओटीपोटात आजार उलटण्याचं प्रमाण साध्या गर्भाशय-शस्त्रक्रियेत २.५२ टक्के आणि मोठ्या शस्त्रक्रियेत २.१७ टक्के, म्हणजे जवळपास सारखंच. आणि साध्या शस्त्रक्रियेत लघवीचे त्रास कमी. कमी उपचार करणं हीसुद्धा सुधारणा असू शकते, फक्त ती सिद्ध करावी लागते.

काही प्रश्न रुग्णांनीच आपल्या हातात दिलेले असतात. टॅमॉक्सिफेनसारखी हार्मोनची औषधं पाच ते दहा वर्षं घ्यायची असतात. पस्तिशीतली बाई विचारायची, "मधे थांबून मूल होऊ देता येईल का?" आणि आम्ही नुसती नकारार्थी मान हलवायचो, कारण आमच्याकडे उत्तर नव्हतं. तो प्रश्न गंभीरपणे घेऊन ५१६ स्त्रियांवर अभ्यास झाला. दीड ते अडीच वर्षं औषध घेतल्यावर त्यांनी ते जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी थांबवलं. २०२३ साली निष्कर्ष आले: तीन वर्षांत कर्करोग उलटण्याचं किंवा नव्याने होण्याचं प्रमाण त्यांच्यात ८.९ टक्के होतं, तुलनेच्या गटात ९.२ टक्के. ६४ टक्क्यांच्या आसपास स्त्रियांना ह्या काळात मूल झालं. तुलनेचा गट जुन्या चाचण्यांमधला होता आणि हा काळ हार्मोनवर चालणाऱ्या कर्करोगाच्या मानाने लहान आहे, हेही रुग्णाला सांगायचं असतं. पण आता सांगण्यासारखं काहीतरी आहे.

रुग्णाला थेट विचारण्याची ताकद किती, हे अमेरिकन कर्करोगतज्ज्ञ एथन बाश ह्यांच्या अभ्यासातून दिसलं. पसरलेल्या कर्करोगावर केमो घेणाऱ्या ७६६ रुग्णांपैकी एका गटाने आपली लक्षणं नियमितपणे संगणकावर स्वतः नोंदवली आणि त्रास वाढला की नर्सला सूचना जायची. २०१७ सालच्या निष्कर्षांत त्या गटातले निम्मे रुग्ण अभ्यासात आल्यापासून ३१.२ महिन्यांहून अधिक जगले, नेहमीच्या पद्धतीत हाच आकडा २६ होता. आम्ही तीच पद्धत उचलली आणि लक्षणांच्या यादीत कोरडेपणा, संबंधांच्या वेळी होणारी वेदना, पाळीतले बदल हे घातलं. समोरासमोर कधीच न निघालेल्या तक्रारी पडद्यावर निघाल्या. बायकांना बोलायचं होतं, आम्ही विचारत नव्हतो.

पद्धतींबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्या शिकता येतात. काळानुसार बदल दाखवणारे आलेख वाचायला शिका; 'आधी' आणि 'नंतर' असे दोनच स्तंभ दाखवणाऱ्या निष्कर्षावर विश्वास ठेवू नका, कारण आकडे आपोआपही वरखाली होतात. छोटा बदल करा, दोन आठवडे पाहा, सुधारा, पुन्हा करा. मुलाखती घ्यायला शिका, आणि मुलाखतीत गप्प बसायला शिका. संख्याशास्त्रज्ञाला अभ्यास संपल्यावर नव्हे, आखताना बोलवा.

आमच्याकडे शेवटी फरक कशाने पडला ते सांगते. भाषणांनी पडला नाही, माहितीपत्रकांनी फारसा पडला नाही. हॅरल्ड फ्रीमन ह्या सर्जननी १९९० साली न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये रुग्णाचा हात धरून तिला उपचारांच्या वाटेवरून नेणारी माणसं नेमायला सुरुवात केली. तिथल्या रुग्णालयात स्तनाच्या कर्करोगानंतर पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण पूर्वी ३९ टक्के होतं, पुढे तपासणीची सोय आणि हे काम मिळून ते ७० टक्क्यांवर गेलं. ते वाचून आम्ही स्वतःला विचारलं की आमच्याकडे प्रत्येक रुग्णाला, न चुकता, सगळ्यांत आधी कोण भेटतं. उत्तर होतं, बायोप्सीचा रिपोर्ट घ्यायला बोलावणारी नर्स. तिला आम्ही एकच प्रश्न विचारायला शिकवला: "पुढे कधी मूल व्हावं असं मनात आहे, किंवा अजून ठरलेलं नाही, असं आहे का?" ह्यावर 'हो' किंवा 'माहीत नाही' असं उत्तर आलं की डॉक्टरची परवानगी न विचारता तिने त्याच आठवड्यातली आमच्या ओपीडीची वेळ द्यायची. सुरुवातीला काही सहकाऱ्यांना हा अधिकार तिला दिलेला आवडला नाही. वर्षभराने तेच लोक आमच्याकडे फोन करून विचारू लागले की ह्या रुग्णाला वेळ दिली आहे ना.

तुम्हाला सुरुवात करायची असेल तर निधीची, मोठ्या प्रकल्पाची वाट पाहू नका. नैतिक समितीची परवानगी घ्या आणि तुमच्याच संस्थेतल्या, चाळिशीच्या आतल्या, केमो झालेल्या तीस रुग्णांच्या फाइली काढा. प्रत्येक फाइलमधून तीन तारखा लिहून घ्या. जिथे मधली तारीख सापडणार नाही तिथे ती जागा रिकामीच ठेवा, अंदाजाने भरू नका. मग त्यातल्या ज्या पाचजणी यायला तयार होतील त्यांना भेटा, शक्यतो रुग्णालयाबाहेर, आणि त्या दिवसांत काय काय झालं ते त्यांच्या क्रमाने सांगू द्या. कर्करोग विभागातला एक सहकारी ह्या भेटींना सोबत घ्या. त्याला आधी काहीच समजावून सांगू नका, फक्त ऐकायला बसवा.